लहान आकाराचा एकभिंगी कॅमेरा

एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्यात, म्हणजे छायाचित्रकार ज्याला एस. एल. आर. म्हणून ओळखतात त्या कॅमेऱ्यात, दृश्य पाहण्याचे आणि ते टिपण्याचे काम एकच भिंग करते. भिंगातून आत आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडून वर वळतो, दुधी काचेच्या पटलावर प्रतिमा उमटवतो आणि पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत पोहोचतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, त्यामागचा पडदा सरकतो व प्रकाश फिल्मवर पडतो. डोळ्याला दिसले तेच फिल्मवर उतरावे, हा या रचनेचा हेतू होय. मात्र आरसा आणि लोलक यांमुळे कॅमेरा अवजड होई. आरसा आपटल्याचा आवाज आणि हादरा वेगळाच. १९६० नंतरच्या दशकात यांपैकी काही कॅमेरे भिंग व प्रकाशमापक धरून किलोभराहून अधिक भरत. दिवसभर गळ्यात वागवणाऱ्यालाच त्या वजनाचा अर्थ कळे.

जपानच्या ऑलिम्पस कंपनीतील अभियंता योशिहिसा मैतानी यांनी आकार, वजन आणि हादरा या तिन्ही दोषांवर एकदम उपाय शोधायचे ठरविले. त्यांचा कॅमेरा १९७२ साली ‘एम-१’ या नावाने बाजारात आला. लायका कॅमेऱ्यांच्या निर्मात्यांनी या नावाला हरकत घेतल्यामुळे पुढे त्याचे ‘ओएम-१’ झाले. भिंगाविना त्याचे वजन सुमारे ५१० ग्रॅम, तर उंची अवघी ८३ मिलिमीटर होती.

सुटे भाग नुसते लहान केल्याने हे साधले नसते. त्यांच्या जागाच बदलाव्या लागल्या. शटरचा वेग नियंत्रित करणारी यंत्रणा आरशाच्या पेटीखाली बसविण्यात आली. पडदे ओढणाऱ्या रुंद फितींऐवजी बारीक दोऱ्या वापरल्याने उंचीत आणखी बचत झाली. आरशाचा धक्का शोषून घेण्यासाठी हवेचा दट्ट्या योजला. एवढी काटकसर करूनही दर्शकातील चित्र मात्र आक्रसले नाही, आणि मैतानींचे खरे कौशल्य येथेच आहे असे वाटते. फिल्मवर येणाऱ्या दृश्याचा ९७ टक्के भाग दर्शकात दिसतो, आणि ५० मिलिमीटरच्या भिंगाने पाहिले असता तो जवळजवळ नैसर्गिक आकाराचा भासतो.

वेगाची यंत्रणा खाली गेल्याने तिचे कडेही भिंगाच्या बुडाशी आले. अंतर, भिंगाचे छिद्र आणि शटरचा वेग ही तिन्ही कडी त्यामुळे एकाच रेषेत आली, व दर्शकावरून डोळा न हलवता डाव्या हाताने ती फिरवता येऊ लागली. शटरचा वेग एका सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत ठेवता येतो. इतर कॅमेऱ्यांची सवय असलेल्या माणसाचा मात्र येथे हमखास घोटाळा होतो: वेग बदलण्यासाठी त्याचा हात माथ्यावरच्या चकतीकडे जातो, आणि ती चकती असते फिल्मची संवेदनक्षमता नोंदवण्याची.

या कॅमेऱ्याचे शटर दंतचक्रे आणि कमानी यांवर चालते. विद्युत्घट लागतो तो केवळ प्रकाशमापकाच्या सुईसाठी. मूळ घट पाऱ्याचा होता व त्याचा दाब १.३५ व्होल्ट इतका स्थिर राही. पाऱ्याच्या विषारीपणामुळे असे घट बाजारातून गेले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा साधा घट घातला, तर सुई असलेल्यापेक्षा अधिक प्रकाश दाखवते आणि छायाचित्रे काळवंडतात. काही जण त्यासाठी प्रकाशमापकात दुरुस्ती करवून घेतात, तर काही जण घट काढूनच ठेवतात. ऑलिम्पसने या मालिकेचे उत्पादन २००२ साली थांबविले. तरी ज्याला उन्हाचा आणि सावलीचा अंदाज डोळ्यांनी बांधता येतो, त्याच्या हाती हा कॅमेरा घटाविनाही सर्व वेगांवर चालतो.