निर्दोष आहे, पण तुम्ही बघा!

ज्यांना बसमध्ये, ऑफिसात हेडफोन लावता येत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून टाकतोय. बोलताना जे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ जास्त झाले होते ते काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला. सगळी सत्ता देवाकडून येते असं आपण मानतो. मग सत्तेत बसलेला माणूस निरपराध माणसाला शिक्षा देतो, तेव्हा ती पण देवाचीच इच्छा का?

उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगतो. माझीच आहे, आणि फार भारी नाहीये.

दुकानातले साडेसहा हजार

नवी पेठेत आमच्या ओळखीच्या एका काकांचं कपड्याचं दुकान आहे. नाव सांगत नाही. माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, म्हणून मी सोलापुरातच होतो. दिवाळीच्या आधीचा आठवडा. नवी पेठेत त्या दिवसांत गाडी लावायला जागा नसते हे सोलापूरकरांना सांगायला नको. संध्याकाळी काकांचा फोन आला, “इंजिनिअर, जरा ये. कॅमेऱ्याचं बघायचंय.”

गल्ल्यातून साडेसहा हजार रुपये गेले होते. संशय एका पोरावर. एकोणीस वर्षांचा, चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेला. मी गेलो तेव्हा तो दुकानाच्या कोपऱ्यात उभा होता आणि एक कान लाल झालेला होता. दुकानातली बाकीची मंडळी होती, शेजारचे दोघं-तिघं दुकानदारही येऊन थांबले होते.

मी दोन तास रेकॉर्डिंग बघितलं, पुढे-मागे करून. पोरगं गल्ल्याजवळ एकदाही गेलेलं नव्हतं. मी काकांना म्हणालो, “काका, यात हा कुठंच दिसत नाही.”

काका म्हणाले, “मग पैसे गेले कुठं? उडून गेले काय बे?”

शेजारचा एक जण म्हणाला, “आज सोडलं तर उद्या सगळीच पोरं हात मारतील.” काका माझ्याकडे बघत होते. पोरगं पण माझ्याकडे बघत होतं. आणि मी म्हणालो, “तुमचं दुकान आहे काका. तुम्ही बघा.” गाडीला किक मारली आणि घरी आलो.

त्या रात्री त्याला कामावरून काढलं. वीस दिवसांचा पगार कापून घेतला. आठव्या दिवशी काकांचा फोन आला, हसत हसत, “सापडले बे पैसे!” एका व्यापाऱ्याला द्यायचे म्हणून त्यांनीच पाकिटात घालून बिलांच्या फायलीत ठेवले होते.

पिलात नावाचा अधिकारी

आता हीच गोष्ट दोन हजार वर्षं मागे नेऊ.

पंतय पिलात साधारण इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन सुभेदार होता. तो खरोखर होऊन गेला, याचा दगडी पुरावा आहे. १९६१ मध्ये कैसरिया इथे उत्खननात त्याच्या नावाचा शिलालेख सापडला. येशूला त्याच्यासमोर उभं केलं, त्याने चौकशी केली आणि लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे तीन वेळा सांगितलं की या माणसात मला दोष सापडत नाही. तीन वेळा! आणि मग त्याला वधस्तंभावर द्यायला सोपवून दिलं. मत्तय सांगतो, त्याने पाणी मागवून सगळ्यांसमोर हात धुतले.

मी लहानपणापासून उत्तम शुक्रवारी हे ऐकत आलोय. दर वेळी वाटायचं, काय माणूस आहे! सगळं कळलेलं असून सोडून दिलं. त्या दिवाळीनंतर मला तो जरा जास्तच ओळखीचा वाटायला लागला. रेकॉर्डिंग बघितलं, दोष नाही म्हणालो, सोपवून दिलं. मी फक्त पाणी मागवलं नव्हतं.

‘वरून’ म्हणजे काय?

योहानाच्या शुभवर्तमानात, १९ व्या अध्यायात, पिलात येशूला दम देतो. तुला सोडायचा अधिकार मला आहे, वधस्तंभावर द्यायचाही आहे, कळतंय ना? त्यावर ११ व्या वचनात येशूच्या उत्तराचा अर्थ असा आहे, की तुला हा अधिकार वरून दिला गेला नसता, तर माझ्यावर तुझं काहीच चाललं नसतं.

बरेच जण इथेच थांबतात. म्हणतात, बघा, येशूनेच मान्य केलं की पिलाताची सत्ता देवाची! म्हणजे वरचा साहेब करेल ते बरोबर. पण ते वचन तिथं संपत नाही. पुढे येशू म्हणतो, की ज्याने मला तुझ्या हाती दिलं त्याचं पाप जास्त आहे. आता ‘जास्त’ हा शब्द बघा. एकाचं जास्त, म्हणजे दुसऱ्याचं कमी असेल, पण आहे. अधिकार देवाने दिलेला असूनही पिलाताच्या खात्यावर पाप जमा होतंय.

जाता जाता एक सांगायलाच हवं. ‘हाती देणारा’ हा शब्द धरून शतकानुशतकं अख्ख्या ज्यू समाजाला छळलं गेलं. ते चूक होतं. वचनात एकच माणूस आहे, आणि वधस्तंभ ही शिक्षा रोमची होती.

आमच्या कामातलं उदाहरण देतो. चालू सिस्टीममध्ये काही बिघडलं की मला दोन तासांसाठी पूर्ण ॲक्सेस मिळतो. वरून मंजुरी येते. त्या दोन तासांत मी डेटाबेस दुरुस्त करू शकतो आणि उडवूही शकतो. पण मी टाइप केलेली प्रत्येक कमांड माझ्या नावाने लॉगमध्ये जाते. उद्या मी कुणा ग्राहकाचा डेटा उडवला, तर ‘ॲक्सेस तुम्हीच दिला होता’ असं मॅनेजरला म्हणू शकेन का? ॲक्सेस वरून आला म्हणूनच तर वर उत्तर द्यायचंय.

‘अधिकार वरून आहे’ या वाक्याने खुर्चीवरच्या माणसाला सर्टिफिकेट मिळत नाही. त्याला हिशेब लागू होतो.

लोक रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय पुढे करतात, की सत्तेच्या अधीन राहा. पण तिथंच पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो, आणि तुझ्या भल्यासाठी सेवक म्हणतो. मालक म्हणत नाही. जुन्या करारात नाबोथाची गोष्ट आहे, पहिल्या राजे पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. मग राणीच्या पत्रावरून गावचे वडीलधारे बसले, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला धोंडमार झाली. कागदोपत्री सगळं कायदेशीर. देवाने काय केलं? राजाच्या बाजूने मोहोर उमटवली नाही. एलीयाला थेट त्याच मळ्यात राजासमोर जाब विचारायला पाठवलं.

आपल्या गावातले चौघे

नवी पेठेपासून चार हुतात्म्यांचे पुतळे फार लांब नाहीत. आपण रोज तिथून जातो, सिग्नल बघतो, पुतळे बघत नाही.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे हा तरुण गेला. चिडलेल्या जमावाने चौकी आणि कोर्ट जाळलं, काही पोलीस मारले गेले. तेही कुणाची तरी मुलं होती, हे विसरायचं नाही. पोलीस शहर सोडून गेले, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही. मग मार्शल लॉ आला. डोक्यावर गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा ठरला.

पोलिसांच्या खुनासाठी कुणाला तरी फासावर द्यायचं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिली. त्या खुनांशी त्यांचा संबंध नव्हता, ते पुढारी होते म्हणून गोवले गेले, असंच सोलापूर आजपर्यंत सांगत आलंय.

आता माझ्यासारख्या ख्रिस्ती पोराला टोचणारी गोष्ट. ज्या राजाच्या नावाने हे राज्य चालत होतं, त्याच्या पदवीतच ‘देवाच्या कृपेने राजा’ असे शब्द होते. ‘वरून’ हा शब्द त्यांच्याकडेही होता! आणि फासावर गेलेल्या चौघांत एकही ख्रिस्ती नव्हता. मग शुभवर्तमान वाचताना मी येशूला कुठं शोधायचा? ‘देवाच्या कृपेने’ म्हणणाऱ्या सरकारच्या खुर्चीत, की येरवड्याच्या त्या चार कोठड्यांत?

शुभवर्तमान वाचलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड जाऊ नये. त्या दिवशी खुर्चीवर पिलात होता. देव आरोपीच्या जागी उभा होता.

इतकं जुनं कशाला?

जवळचं घ्या. फादर स्टॅन स्वामी, येशूसंघी धर्मगुरू. झारखंडमध्ये आदिवासींमध्ये काम करायचे. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात एनआयएने रांचीतून अटक केली आणि तळोजा तुरुंगात ठेवलं. वय ८३. पार्किन्सनमुळे हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नव्हता. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांनी नोव्हेंबरमध्ये कोर्टात अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागून घेतले.

स्ट्रॉसाठी वीस दिवस, मंडळी.

५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ते गेले, वय ८४. त्या दिवशी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. एनआयएचे आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारले, आणि ते आरोप त्यांच्या हयातीत सिद्ध झाले नाहीत. खटलाच उभा राहिला नव्हता. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये, बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने सांगितलं की त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये फायली बाहेरून घातल्या गेल्या होत्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, आणि मी काही न्यायाधीश नाही. पण तो स्ट्रॉ माझ्या डोक्यातून जात नाही. त्या अर्जावर कुणीतरी तारीख टाकली, कुणीतरी फाईल पुढे ढकलली. त्यातला कुणी राक्षस असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक जण एवढंच म्हणाला असेल, ‘माझ्या हातात नाही, वर विचारा.’

मग देव थांबवत का नाही?

हा प्रश्न राहतोच. याचं गुळगुळीत उत्तर मी देणार नाही. माझ्या आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, “बाळा, मला ठाऊक नाही. पण त्याने आपल्या लेकाला सुद्धा वाचवलं नाही, म्हणजे त्याला हे दुखणं लांबून माहीत नाही.”

मी त्यात एवढंच घालीन. आपला विश्वास शुक्रवारी संपत नाही. थडग्याच्या धोंडेवर शिक्कामोर्तब करून पहारा बसवला होता, सरकारी परवानगीने. तिसऱ्या दिवशी ते टिकलं नाही. पुनरुत्थान म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला. पिलाताचा अधिकारही गेला. पुढे शोमरोनी लोकांवरच्या अत्याचाराची तक्रार झाली आणि त्याला जाब द्यायला रोमला धाडलं गेलं. पण म्हणून ते चौघे परत आले नाहीत, स्टॅन स्वामींना घोटभर पाणी वेळेवर मिळालं नाही. शेवटी हिशेब होणार, हा विश्वास आज हात धुवायला नाहीये. उलट आपलंही नाव लॉगमध्ये पडतंय, याची ती आठवण आहे.

पुन्हा नवी पेठ

पैसे सापडल्यावर मी त्या पोराच्या घरी गेलो. दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही. मी काहीतरी बोलत होतो, काकांची चूक झाली, घाईगडबड होती वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं,

“दादा, तुम्ही बघितलं होतं ना?”

मारलं काकांनी, बोलले शेजारचे. पण त्याने जाब मला विचारला. कारण तिथं खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच होतो.

मी काकांकडे गेलो. पगार द्यायला ते लगेच तयार झाले, मनाने वाईट नाहीत. मी म्हणालो, काका, ज्यांच्यासमोर चोर ठरवलं त्यांच्यासमोर एकदा सांगा. ते म्हणाले, “आता कशाला परत तो विषय? मिटलं की.” मग मी एकटाच शेजारच्या तिन्ही दुकानांत गेलो आणि सांगितलं, की पैसे सापडलेत, पोराने घेतले नव्हते, मला त्याच दिवशी दिसलं होतं आणि मी गप्प बसलो. एक जण म्हणाला, बरं झालं सांगितलं. दुसऱ्याने ऐकताना मोबाईलवरून मान वर केली नाही. तिसऱ्याने विचारलं, “मग आता आमच्याकडं काम करेल का तो?”

मी नंबर दिला. तो तिथं गेला नाही, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात मोठी सत्ता नसेल, माझ्याही नाही. पण ग्रुपवर कुणाचा फोटो ‘चोर’ म्हणून फिरतो, ऑफिसात कुणावर तरी चूक ढकलली जाते, आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असतं. तेवढं माहीत असणं, हाच तुम्हाला वरून मिळालेला अधिकार. तो तिथंच, त्याच माणसांसमोर वापरा. नंतर तीन दुकानं फिरावी लागतात, आणि तरी भरून येत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!