परदेशात एकटे फिरताना सोबती कुठे भेटतात?

पाठीवर बॅग टाकून इस्तंबूलला एकटे गेलात, की पहिली संध्याकाळ जड जाते. हॉटेलच्या बंद खोलीत कोणी भेटत नाही. त्यापेक्षा सुलतानअहमद भागात हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये एक खाट घ्या. मुलींसाठी वेगळ्या डॉर्मही मिळतात. तिथे चहा पिता पिता "उद्या कुठे?" एवढं विचारलं तरी पुरतं. मग एमिनोनूहून बोटीने कादिकॉयला दोघं-तिघं मिळून जाता येतं.

मात्र तकसीमला रस्त्यात कोणी फारच गोड बोलून बारमध्ये नेऊ लागला, तर सरळ नको म्हणा. आत गेल्यावर अवाच्या सवा बिल हातात देतात अन् पैसे भरल्याशिवाय सोडत नाहीत. ही फसवणूक तिथे जुनीच आहे. आणि हो, डॉर्ममधला मित्र कितीही भला वाटला तरी पासपोर्ट लॉकरमध्येच ठेवा.