पुण्याच्या घरांचा हिशेब : घरोघरच्या पाहणीपासून इंडेक्स टूपर्यंत

पुण्यात घरोघर जाऊन कमाई, धंदा आणि राहणी विचारण्याचं काम नेटाने झालं ते १९३६-३७ साली. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी ती पाहणी हाती घेतली. तिचे दोन खंड १९४५ आणि १९५२ मध्ये आले. मधल्या काळात महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, फाळणीनंतर निर्वासित आले. शहर ओळखू येईना तेव्हा संस्थेने १९५४ मध्ये फेरपाहणी केली आणि सोवनी, आपटे, पेंडसे यांचं पुस्तक १९५६ मध्ये निघालं. या कामाचं मोल आकड्यांहून पद्धतीत आहे. त्याच शहरात, तशाच कुटुंबांना, काही वर्षांनी पुन्हा जाऊन विचारायचं, म्हणजे काय बदललं ते छातीठोकपणे सांगता येतं. देखरेख म्हणतात ती हीच. पुढच्या ७० वर्षांत घरांच्या बाबतीत ही सवय पुण्याच्या कारभारात रुजली नाही, आणि त्याची किंमत कोण मोजतं हे पाहण्यासाठी हा मागोवा.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठांतली कुटुंबंच्या कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. गोखलेनगर, सहकारनगर भागात पूरग्रस्तांच्या वसाहती आणि सोसायट्या त्यानंतर उभ्या राहिल्या. कुणाचं काय गेलं याची मोजदाद तेव्हा झाली, कारण तिच्याशिवाय कुणालाच घर देता येत नव्हतं.

पुढच्या दशकात वाढीचा रोख पिंपरी-चिंचवडकडे वळला. कारखाने आले, कामगार आले. त्यांना राहायला जागा हवी म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडी-आकुर्डीकडच्या जमिनी संपादित झाल्या, पेठा आखल्या गेल्या, भूखंड वाटले गेले. ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी साडेबारा टक्के विकसित जमिनीच्या परताव्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. २०२१ मध्ये प्राधिकरण बरखास्त होऊन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झालं. जवळजवळ पन्नास वर्षं चाललेल्या या संस्थेचा हेतू कामगाराला घर मिळवून देणं हा होता. त्या घरांत आज कामगार किती आणि इतर किती, हा साधा प्रश्न विचारला तर उत्तर देणारी एकही वही नाही.

वाढीचा खरा वेग २००१ ते २०११ च्या दशकात दिसला. हिंजवडीचं आयटी पार्क भरात होतं, मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्याच जमिनीवर नगर वसवलं होतं, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्राने नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द केला. अडकलेली जमीन मोकळी होईल, घरं वाढतील, भाव उतरतील असं तेव्हा सांगितलं गेलं. जनगणनेप्रमाणे पुणे महापालिकेची लोकसंख्या या दहा वर्षांत २५ लाखांवरून ३१ लाखांवर गेली, पिंपरी-चिंचवडची १० लाखांवरून १७ लाखांवर. त्यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती झाली नाही. म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत पुण्यात माणसं किती आली आणि घरं किती झाली, याचं जे काही बोललं जातं ते सगळं अंदाजाने.

त्यात शहराची हद्दच बदलत राहिली. १९९७ ला गावं घेतली, काही पुन्हा वगळली. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि क्षेत्रफळाने पुणे मुंबईच्या पुढे गेलं. २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. वाघोलीतली एखादी इमारत परवानगीच्या वेळी एका कचेरीकडे, भोगवट्याच्या वेळी दुसऱ्या कचेरीकडे आणि करआकारणीच्या वेळी तिसऱ्याकडे, असं सहज घडलेलं आहे. हद्दीबाहेरच्या पट्ट्यासाठी पीएमआरडीएने केलेला प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. त्या पट्ट्यात घरं उभी राहायची थांबली नाहीत.

आता भावांकडे वळू. २०१२ चा दर आणि २०१९ चा दर शेजारी ठेवून ‘इतके टक्के वाढ’ असं म्हणणारे तक्ते मी कितीतरी पाहिले आहेत. त्यांतले बरेच चुकीचे आहेत. १ मे २०१७ ला महारेरा हे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण सुरू होण्याआधी बिल्डर दर सांगायचा तो सेलेबल किंवा सुपर बिल्टअपचा. जिना, लॉबी, क्लब हाउस सगळं त्यात धरलेलं असे आणि प्रत्येकाचं लोडिंग वेगळं असे. महारेरानंतर व्यवहार कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या क्षेत्रावर आला. तीच भिंत, तेच घर, पण चौरस फूट कमी आणि दर चढा. जुने आकडे कार्पेटमध्ये बदलून घेतल्याशिवाय तुलना करणं म्हणजे लिटर आणि किलो एका रकान्यात लिहिणं. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक २०१०-११ हे पायाभूत वर्ष धरून दहा शहरांसाठी निघत होता. त्यात लखनौ, कानपूर, जयपूर, कोची होती, पुणे नव्हतं. २०२२-२३ च्या पायावरच्या नव्या मालिकेत पुणे आलं आहे, पण मधली वर्षं हातची गेली.

खरं तर विश्वासार्ह कागद आपल्याकडे आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला की हातात पडतो तो सूची क्रमांक दोन, सगळे त्याला इंडेक्स टू म्हणतात. एक पान. वर गावाचं नाव, मग विलेखाचा प्रकार. दोन नंबरला मोबदला, तीनला बाजारभाव, चारला भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक, पाचला क्षेत्रफळ. खाली देणारा, घेणारा, दस्ताची आणि नोंदणीची तारीख, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, शेवटी शेरा. मोबदला आणि बाजारभाव या दोन ओळींतला फरक वाचला की त्या भागात रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर, खऱ्या व्यवहाराच्या किती मागे किंवा पुढे आहे ते समजतं. रिसेलमध्ये काही रक्कम रोखीने फिरते, त्यामुळे मोबदल्याचा आकडा कधी कधी खाली दिसतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं. तरी गल्लीगणिक, महिन्यागणिक भाव सांगणारा यासारखा दुसरा दस्तऐवज नाही. सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क तात्पुरतं पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं तेव्हा या कचेऱ्यांबाहेर रांगा लागल्या होत्या. त्या सवलतीचा लाभ पहिलं घर घेणाऱ्यांना किती आणि तिसरं-चौथं घेणाऱ्यांना किती झाला, हे याच कागदांवरून काढता आलं असतं. तसं काढून कुणी लोकांपुढे ठेवलं नाही.

भाव कळला म्हणून परवडणं कळत नाही. ५० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरू. बँक ८० टक्के देते, म्हणजे ४० लाख. उरलेले १० लाख पदरचे. त्यावर ५ टक्के जीएसटीचे अडीच लाख, महापालिका हद्दीत ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क व अधिभाराचे साडेतीन लाख, नोंदणीचे ३० हजार. म्हणजे चावी हातात येण्याआधी १६ लाख ३० हजार रोख उभे करायचे. हप्त्याचं पाहा. २० वर्षांसाठी पावणेसात टक्क्यांनी ४० लाखांचा हप्ता ३० हजार ४०० च्या आसपास बसतो. २०२१ मध्ये असे दर मिळत होते. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर वाढत गेला, कर्ज ९ टक्क्यांकडे सरकलं, आणि त्याच रकमेचा हप्ता ३६ हजार झाला. घराच्या भावात एक रुपयाचा फरक नसताना घर महिन्याला साडेपाच हजारांनी महागलं. अनेकांना हे कळलंही नाही, कारण बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली. पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत हप्ता झेपतो असं मानलं तर ३६ हजारांच्या हप्त्यासाठी हातात दरमहा ९० हजार हवेत. चाकणच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, रुग्णालयातली परिचारिका, शाळेतली शिक्षणसेविका या आकड्याच्या जवळपासही नाहीत.

सरकारी व्याख्या मात्र पगाराकडे पाहत नाही. एप्रिल २०१९ पासून जीएसटीत ‘परवडणारं घर’ म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. महानगरात ६० चौरस मीटर कार्पेट, इतरत्र ९०. त्या महानगरांच्या यादीत पुणे नाही, म्हणून इथे ९० चौरस मीटर चालतं. ४५ लाखांत ९० चौरस मीटर शहरात कुठे मिळतं ते विचारू नये, आणि ४५ लाखांची मर्यादा आजवर हललेली नाही. त्यामुळे परवडणाऱ्या घरांचा पुरवठा घटला असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा घरं कमी झाली की भाववाढीने ती मर्यादेबाहेर गेली, हे वेगळं करून पाहिलं पाहिजे.

२०१३ च्या समावेशक गृहनिर्माण धोरणाने मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवरच्या प्रकल्पात २० टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायला लावला. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत ही घरं येतात, अर्जांचा पाऊस पडतो, ज्याचं नाव लागतं त्याच्या घरी पेढे वाटले जातात. धोरण चांगलं आहे. त्याची नोंद सोडतीपाशी संपते. पाच वर्षांनी त्या घरात लाभार्थीच राहतो का, की मेंटेनन्स झेपेना म्हणून घर भाड्याने देऊन तो पुन्हा जुन्या वस्तीत गेला, हे कुणी जाऊन पाहत नाही.

पुण्यात मोजली जातात ती महागडी घरं. महारेरात नोंद होते ती ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या, आठांहून जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची. खाजगी सल्लागार कंपन्यांच्या तिमाही अहवालांत येतात ते मोठ्या बिल्डरांचे प्रकल्प. याउलट धायरी, नऱ्हे, आंबेगाव, मांजरी या भागांत एक-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारतींत वन आरके, वन बीएचके घेऊन हजारो कुटुंबं राहिली. सातबारावर दहा-बारा नावं, व्यवहार कधी नोटरीवर, बँकेचं कर्ज नाही, पाणी टँकरचं. शहराला स्वस्त घरं खरी पुरवली ती या इमारतींनी, आणि पुरवठ्याच्या कुठल्याही तक्त्यात त्या नाहीत. त्यांची माहिती कचेरीत नाही असंही नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर शास्तीकर होता, २०२३ मध्ये तो माफ झाला. त्या करासाठी केलेली यादी म्हणजे स्वस्त घरांची जवळजवळ एकमेव नोंदवही होती. तिचा उपयोग वसुलीपुरता झाला.

भाड्याच्या घरांची कथा याहून अंधारात. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि आता ते घरबसल्या ऑनलाइन होतं. म्हणजे कुठल्या सोसायटीत किती भाडं, किती डिपॉझिट, हे नोंदणी विभागाकडे दिवसागणिक जमा होतं. मात्र सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा राहतो तो कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, कॉटमागे भाडं, भिंतीत एक कपाट, संडास-बाथरूम सामाईक, जेवण मेसला. करार तोंडी. एका कॉटचं भाडं कॉटच्या संख्येने गुणलं तर चौरस फुटाला तो मुलगा कोथरूडमधल्या टू बीएचकेच्या भाडेकरूपेक्षा अधिक देत असतो. शहराच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा गृहनिर्माणाचा प्रकार कुठल्याही सरकारी रकान्यात नाही.

नीट मोजून काम झाल्याचं उदाहरणही याच शहरात आहे. २००९ नंतर येरवड्याच्या वस्त्यांत केंद्राच्या योजनेतून जागच्या जागी घरं बांधली गेली. महिला मिलन या संघटनेच्या बायका गल्लीगल्लीतून फिरल्या, कोणाची झोपडी कच्ची, कोणाची पक्की, कुणाची भिंत कुणाशी लागून, सगळं लिहून काढलं. त्या नोंदीवरून वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई आणि सहकाऱ्यांनी २७० चौरस फुटांच्या घरांचे वेगवेगळे नमुने आखले. वस्ती उठवली नाही, पक्की घरं पाडली नाहीत. मोजणी करणाऱ्या बायका त्याच वस्त्यांना ओळखणाऱ्या होत्या, म्हणून हे जमलं.

महापालिका अधिनियमाप्रमाणे आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यःस्थितीचा अहवाल महासभेपुढे ठेवावा लागतो. १९७५ च्या कायद्याने दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी लागते. हवेची, पाण्याची, झाडांची नोंद ठेवणं योग्यच आहे. घरांची स्थिती सांगणारा असाच वार्षिक अहवाल कायद्याने का असू नये, हा प्रश्न मी संबंधितांना विचारत आलो आहे आणि विचारत राहणार आहे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. घरात मालक स्वतः राहतो त्याला १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. ती मध्ये काढली गेली आणि २०२३ मध्ये परत आली, तेव्हा महापालिकेने मालकांकडून पीटी-३ अर्ज भरून घेतले. स्वतः राहण्याची घरं आणि इतर घरं वेगळी काढणारी यादी त्यातून आपोआप तयार झाली. त्या इतर घरांत कुलूपबंद घरंही येतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी निघाली होती, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी भागात १ कोटी ८७ लाख घरांचा तुटवडा सांगितला, त्यातला ९६ टक्के गरीब आणि अल्प उत्पन्न गटातला. पुण्यात कुलूपबंद घरं किती ते पीटी-३ च्या यादीला महावितरणच्या मीटरची जोड दिली तर वर्षागणिक कळेल.

येत्या जनगणनेतल्या घरयादीत घर स्वतःचं की भाड्याचं हे विचारलं जाईल, भाड्याची रक्कम विचारली जाणार नाही. ती रक्कम नोंदणी विभागाकडच्या लिव्ह अँड लायसन्स करारांत आहे. त्या विभागाचं राज्याचं मुख्यालय पुण्यातच आहे. नावं आणि पत्ते गाळून प्रभागनिहाय सरासरी भाडं आणि प्रत्यक्ष मोबदला दर तिमाहीला दोन्ही महापालिकांना द्यायचा, एवढा एक शासन निर्णय निघाला तरी पहिला अहवाल वर्षाच्या आत तयार होऊ शकेल. कॉट बेसिसच्या खोल्या आणि गुंठेवारीतल्या इमारती त्यात येणार नाहीत. त्यांच्यासाठी माणसं पाठवून दारं ठोठावावी लागतील, आणि त्या कामाची तरतूद त्याच निर्णयात हवी.