शून्यावर न येणारा करंट

माझ्या खिशात एक जळका कनेक्टर होता. अंगठ्याएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा, एका बाजूनं वितळून गुळाच्या खड्यासारखा झालेला. बदनापूरजवळ मेहुण्याच्या मोसंबीच्या बागेत सौर पंप बसून वर्ष झालं नव्हतं, तोच पॅनलखालून धूर निघाला. "दाजी, पाऊस नाही, वीज नाही, अन् वायर आपोआप पेटली," तो फोनवर म्हणाला. बसवणाऱ्यांनी उंदरावर ढकललं आणि फोन उचलायचं बंद केलं. मी तो तुकडा आठवडाभर कागदात गुंडाळून ठेवला होता. उघडला की तोच वास यायचा, सडक्या मासळीसारखा.

म्हणून सौर यंत्रणांच्या वीज नियमांचं प्रशिक्षण जालन्यात चाललंय असं कळल्यावर परवानगी काढून दोन दिवस मागच्या बाकावर जाऊन बसलो. एमआयडीसीच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, समोरून सळया भरलेले ट्रक. वीसेक मुलं आणि तीन मुली, बहुतेक आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड केलेली. शिकवणारे सर महावितरणमधून निवृत्त झालेले. खडू हातात आणि टेस्टर खिशात.

पहिला तास नियमांचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम, 2010 चे जाऊन 2023 चे आले. अर्थिंगसाठी आयएस 3043. काम परवानाधारक ठेकेदाराचं आणि देखरेख सक्षमता प्रमाणपत्र असलेल्याची. मुलं लिहून घेत होती, दोघं पेंगत होती. मग सर सगळ्यांना बाहेर उन्हात घेऊन गेले आणि पेंग उडाली.

आधी त्यांनी घरातल्या विजेवर बल्ब लावले आणि तारेची दोन टोकं लांब दांडीनं एकमेकांपासून दूर केली. टिक. ठिणगी विझली. मग जमिनीवर मांडलेल्या पॅनलच्या माळेवर तेच केलं. ठिणगी विझेना. टोकं दूर जातील तशी ती लांबत गेली, निळसर-पांढरी, चर्रर्र आवाज करत. आणि तो वास आला. माझा हात खिशाकडे गेला.

"घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो," सर म्हणाले. "शंभर वेळा! ठिणगीला विझायला शंभर संधी. हा डीसी एकदाही शून्यावर येत नाही. म्हणून एसीचा स्विच इथं चालत नाही, डीसीचाच लागतो. आणि चालू लोडवर कनेक्टर ओढायचा नाही. कधीच नाही."

शून्य म्हटलं की मराठवाड्यात दुसरंच आठवतं. गावात फ्यूज टाकायला, डीपी बघायला जो पोरगा खांबावर चढतो, पण महावितरणच्या हजेरीपटावर ज्याचं नाव नसतं, त्याला आपण 'झिरो वायरमन' म्हणतो. मंठ्याकडून आलेल्या एका मुलीचे वडील असेच झिरो वायरमन. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, एवढंच तिनं सांगितलं. दोन दिवस माझं लक्ष तिच्याकडेच जात राहिलं, कारण प्रत्येक जोड पूर्ण झाला की ती तो एकदा ओढून बघायची. पुढच्याचाही ओढायची. मुलं हसायची.

जोड करायचं काम बघायला सोपं आहे. चार चौरस मिलिमीटरची केबल, टोकाचं सात-आठ मिलिमीटर आवरण सोलायचं, एकही तार तुटू द्यायची नाही, सगळ्या तारा धातूच्या पिनेत बसवून क्रिम्पिंगच्या हत्यारानं दाबायच्या. ते हत्यार पुरतं दाबल्याशिवाय उघडतच नाही. पिन खटकन कनेक्टरच्या घरात बसली पाहिजे. आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घालायचे नाहीत, बसले तरी नाहीत. आत ढिलाई राहिली की तिथं गरम होतं, मग वितळतं, मग ती चर्रर्र.

दुपारी फळ्यावर गणित. एका पॅनलचं विनालोड व्होल्टेज 49.5, बारा पॅनलची माळ, इन्व्हर्टरची मर्यादा 600. चालेल का? 594 भरतात, चालेल, असं सगळे म्हणाले. "हे 25 अंशांचं," सर म्हणाले. "डिसेंबरात सकाळी पारा दहावर असतो. पॅनल गार झालं की व्होल्टेज वाढतं." अंशामागे 0.27 टक्के धरले तर आकडा 618 वर गेला. एक पॅनल काढावं लागलं. कडक उन्हात व्होल्टेज जास्त असतं, अशी आजवर माझीही समजूत होती.

अर्थिंगचे खड्डे तीन: डीसीचा, एसीचा, वीजरोधकाचा. जालन्याची काळी माती पावसाळ्यात छान रीडिंग देते आणि मे महिन्यात भेगाळली की तोंड फिरवते; खाली काळा पाषाण. "पाच ओहमच्या आत पाहिजे, आणि ते उन्हाळ्यात मोजा," सरांनी बजावलं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून रीडिंग घेणाऱ्यांची त्यांनी नक्कल केली तेव्हा शेड हसलं. दोन मुलं मात्र हसली नाहीत.

भोकरदनकडच्या एकानं हात वर केला. "सर, कागदावर सही लायसनवाल्याची असते. आम्हाला पॅनलमागे पैसे. ओढून बघत बसलो तर दिवसाला एक घर होत नाही." सर थोडा वेळ गप्प राहिले. "सही त्याची, हात तुझे," एवढंच म्हणाले. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. 2024 मध्ये घरांच्या छतांसाठी पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. त्याच वर्षी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे. योजना चांगल्याच आहेत, माझ्या मेहुण्याची दिवसा पाणी देण्याची सोय झाली ती खरी. पण किती बसले याचा हिशेब रोज निघतो, कसे बसले याचा कोण काढतो?

मंठ्याच्या मुलीनं एकच प्रश्न विचारला. लाईट गेली आणि एखाद्या छतावरचं सोलर चालूच राहिलं, तर खांबावरच्या माणसाचं काय? सर म्हणाले, ग्रिड गेलं की इन्व्हर्टरनं दोन सेकंदांत बंद झालंच पाहिजे, नियमच आहे. म्हणून काम संपल्यावर मेन पाडून ते तपासायचं. तिनं वहीत 'दोन सेकंद' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना मी खिशातला तुकडा तिच्या हातात दिला. तिनं वास घेतला नाही. ब्लेडनं प्लास्टिक कापलं, पिन बाहेर काढली, उजेडात धरली. अर्ध्या तारा पिनेबाहेर दुमडलेल्या होत्या आणि पिनेवर आडवे दात उमटले होते.

"उंदीर नाही सर. पकडीनं दाबलंय."

पॅनलच्या मागच्या जोडण्या कारखान्यातून होऊन येतात. मेहुण्याच्या बागेत हातानं लावलेले कनेक्टर चार होते. अजून तीन तिथेच आहेत.