काडीपैलवानालाही शुगर होते!

आमचं ईट भूम तालुक्यातलं. कुंथलगिरीही याच तालुक्यात, म्हणजे खवा-पेढ्याचाच मुलूख. पण शुगर फक्त पेढ्यानं होते आणि जाड्यांनाच होते, हा समज आधी काढा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तंतोतंत सारखा: 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये हे फोटोसकट छापून आलं. वरून सडपातळ, आतून चरबी, ही आपली भारतीयांची ठेवण. म्हणून तिशी ओलांडली की सरकारी आरोग्य केंद्रात तपासून घ्या, फुकट होतं. उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून निदान पक्कं करतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांनो, रोज एकाच जागी टोचू नका. तिथं गाठ धरते, औषध नीट लागू पडत नाही. सिस्टर, आशाताई, तुम्हालाही विनंती: "घेता का?" एवढंच विचारू नका, पेशंटला समोर टोचून दाखवायला सांगा आणि पोटावर हात फिरवून बघा. निम्म्या भानगडी तिथंच सापडतात.

शुगर एकदम उतरून घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली तर शुद्धीवर असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. हो, शुगरवाल्यालाच! पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि रानात अनवाणी जाणं बंद. शुगरनं पाय बधिर झाले की काटा रुतलेला कळतसुद्धा नाही.