शेक्सपिअरच्या पात्रांचे अरेतुरे

'ट्वेल्फ्थ नाइट' या शेक्सपिअरच्या नाटकात सर अँड्र्यू नावाचा एक भित्रा सरदार आहे. ज्या श्रीमंत ऑलिव्हियावर त्याचा डोळा आहे, ती सिझॅरिओ नावाच्या एका पोरसवदा निरोप्यावर भाळली आहे. तेव्हा अँड्र्यूने त्या पोराला द्वंद्वाचे आव्हान द्यावे, असे त्याचा दोस्त सर टोबी त्याच्या मनात भरवतो. आव्हानाचे पत्र कसे लिहायचे याचे धडेही तोच देतो. शाई हाताशी आहे तोवर टोमणे मारून घे, असे सांगून तो एक खास सल्ला देतो: पत्रात त्या पोराला निदान तीन वेळा तरी 'दाऊ' म्हण.

आजचा इंग्रजी वाचक इथे अडखळतो. त्याच्या कानाला 'दाऊ' हा प्रार्थनेतला, जुन्या कवितेतला, भारदस्त शब्द वाटतो. त्यात अपमान कसला? मराठी वाचकाला मात्र एवढेच सांगितले की पुरे: टोबी म्हणतोय, सरळ एकेरीवर ये. त्या काळच्या इंग्रजीत 'दाऊ' हे क्रियापद म्हणूनही वापरत, आणि त्याचा अर्थ नेमका आपल्या 'अरेतुरे करणे' इतकाच होता.

साधारण १५८० ते १६४० या काळातली इंग्रजी नाटके वाचताना या एका सर्वनामाकडे लक्ष ठेवले, तर पात्रांमधले नाते कुठे ताणले गेले, कुठे तुटले, कुठे जुळले हे आपोआप दिसू लागते. हे लक्ष ठेवण्यात मराठी माणूस इंग्रजाच्या पुढे आहे असे मला मनापासून वाटते, कारण त्याची भाषा हा भेद विसरली आणि आपली विसरलेली नाही.

आधी थोडे व्याकरण. जुन्या इंग्रजीत हिशेब सोपा होता. समोर एक माणूस असेल तर 'दाऊ', अनेक असतील तर 'यी'. वाक्यातल्या जागेप्रमाणे 'दाऊ'ची 'दी', 'दाय', 'दाइन' अशी रूपे होत. 'यी'चे रूप 'यू'. मानाचा प्रश्नच नव्हता. राजाही एकटा असला तर 'दाऊ'च. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी रीतीच्या वळणाने एकट्या माणसालाही आदराने अनेकवचन लावायची पद्धत इंग्लंडात शिरली. ती वरून खाली झिरपत गेली. शेक्सपिअर लिहू लागला तोवर 'यी' मागे पडून कर्त्याच्या जागीही 'यू' बसला होता, आणि शहरातल्या बऱ्यापैकी कपडे घालणाऱ्या कोणालाही 'यू' म्हणणे ही साधी, रोजची रीत झाली होती. क्रियापदावरही खूण असे. आपण 'तू आलास', 'तुम्ही आलात' म्हणतो, तसे 'दाऊ'बरोबर क्रियापदाच्या शेवटी 'स्ट' किंवा 'ट' येई: 'आर्ट', 'हॅस्ट', 'डस्ट', 'विल्ट'. त्यामुळे सर्वनाम गाळले तरी एकेरी लपत नसे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. त्या काळी 'यू' हा बिनरंगाचा शब्द होता आणि 'दाऊ' रंगाचा. तो रंग कोणता, हे बोलणाऱ्याच्या जागेवर ठरे. टॉमस फुलर या धर्मगुरू-इतिहासकाराने १६५५ मध्ये हे नीट मांडून ठेवले आहे. वरच्याने खालच्याला 'दाऊ' म्हटले तर ते अधिकाराचे, बरोबरीच्याने बरोबरीच्याला म्हटले तर सलगीचे, आणि खालच्याने वरच्याला म्हटले तर अडाणीपणाचे किंवा मुद्दाम केलेल्या तुच्छतेचे. हा केवळ पुस्तकी नियम नव्हता. १६०३ मध्ये विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅली याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला 'दाऊ' म्हटले. एवढेच नव्हे, मी तुला 'दाऊ' म्हणतो आहे हेही त्याने ठासून सांगितले. काल-परवापर्यंत राणीच्या मर्जीतला असलेला माणूस आता कोणीही नाही, हे त्या एका शब्दाने जाहीर झाले.

आता 'किंग लिअर'चा पहिला प्रवेश घ्या. हे नाटक २६ डिसेंबर १६०६ रोजी व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या जेम्स राजापुढे झाले होते. म्हातारा राजा राज्य वाटायला बसला आहे. गॉनरिल आणि रीगन या थोरल्या मुली बापाला 'यू' म्हणून तोंडभर गोड बोलतात आणि तो त्यांना 'दाऊ' म्हणून वाटा देतो. वरून खाली येणारे हे एकेरी, त्यात अधिकार आहे आणि वात्सल्यही. मग सगळ्यात लाडक्या कॉर्डेलियाची पाळी येते आणि तिला मात्र तो 'यू' म्हणतो. मला या जागेचे फार अप्रूप वाटते. मोठा वाटा जिच्यासाठी राखून ठेवला, तिला तो भर दरबारात थोडा जास्तीचा मान देऊ पाहतो. ती खुशामत करायला नकार देते, तेव्हाही त्याचा पहिला इशारा 'यू'मध्येच येतो. मग तो विचारतो, हे तुझ्या मनापासून आहे का, आणि इथे सर्वनाम बदलते. पुढच्या क्षणी तो तिला टाकतो तेही 'दाऊ'मध्ये. म्हणजे थोरल्यांना मायेने मिळालेला तोच शब्द धाकटीला शिक्षा म्हणून मिळतो.

मग केंट मध्ये पडतो. तो निष्ठावंत सरदार आहे, सुरुवात अगदी रीतीप्रमाणे मानाच्या विशेषणांनी करतो. राजा ऐकत नाही असे दिसल्यावर मात्र तो भर सभेत राजाला 'दाऊ' म्हणतो आणि वर 'म्हाताऱ्या' म्हणून हाक मारतो. फुलरच्या हिशेबाने हा सगळ्यात मोठा गुन्हा. पण केंटच्या तोंडी त्यात तुच्छता नाही. राजेपण बाजूला ठेवून समोरच्या माणसाला हलवून जागे करण्याचा तो शेवटचा प्रयत्न आहे. दुसरा कोणी राजाला इतके सरळ एकेरी बोलत असेल तर तो विदूषक, आणि त्याला तशी मुभाच असते.

याच प्रवेशात कॉर्डेलियाला मागणी घालायला दोघे आले आहेत. हुंडा बुडाला हे कळताच बर्गंडीचा ड्यूक तिला 'यू' म्हणून सभ्यपणे दु:ख व्यक्त करतो आणि मागे सरतो. फ्रान्सचा राजा तिला 'दाऊ' म्हणून आपलीशी करतो. कोणाचे प्रेम खरे, हे प्रेक्षकाला दोन सर्वनामांतच कळते. पुढे चौथ्या अंकात वेडातून सावरणारा लिअर कॉर्डेलियाला बहुतेक 'यू'च म्हणतो, अपराधी माणसाच्या संकोचाने. पाचव्या अंकात दोघांना कैद होते, तेव्हा तुरुंगाकडे जाताना तो पुन्हा 'दाऊ'वर येतो. बाप-लेकीचे नाते परत जागेवर आले आहे.

'हॅम्लेट'मध्ये हाच खेळ एका क्षणात होतो. दुसऱ्याच प्रवेशात नवा राजा क्लॉडिअस मंत्र्याच्या मुलाशी, लेअर्टीझशी, 'यू'ने बोलायला लागून पाहता पाहता लाघवी 'दाऊ'वर घसरतो, पण पुतण्याला, हॅम्लेटला, 'यू'ने अंतरावर ठेवतो. आई गर्ट्रूड त्याला 'दाऊ' म्हणते. मुलगा आईला 'यू'. तिसऱ्या अंकात आईच्या महालात दोघे समोरासमोर येतात. आई 'दाऊ' म्हणत ठपका ठेवते की तू बापाला दुखावलेस. मुलगा तेच वाक्य उलटवतो, फक्त 'दाऊ'च्या जागी 'यू' ठेवून, आणि 'बाप' या शब्दाचा अर्थही बदलून टाकतो: आईच्या तोंडी तो तिचा नवा नवरा क्लॉडिअस, मुलाच्या तोंडी मेलेला सख्खा बाप. लगेच आईचेही 'दाऊ' गळते आणि ती 'यू'वर येते. प्रेमाचे एकेरी काढून घेणे हीदेखील चपराक असते, हे ज्या घरात रागावलेली आई अचानक 'अहो शहाणे' म्हणू लागते तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुढे तिला जिवाची भीती वाटते तेव्हा पुन्हा 'दाऊ' बाहेर पडते.

विनोदी नाटकांत सुंदर उदाहरण म्हणजे 'मच अडू अबाउट नथिंग' मधले बेनेडिक आणि बिॲट्रिस. दोघांची सदाची चकमक, तीही शिस्तीत 'यू'वर. चर्चमध्ये बेनेडिकचा मित्र बिॲट्रिसच्या चुलत बहिणीला भर लग्नात नाकारतो, त्या प्रसंगानंतर प्रेमाची कबुली होते तेव्हा बेनेडिक 'दाऊ'वर उतरतो. बिॲट्रिस 'यू' सोडत नाही. ती त्याला त्याच्या मित्राचा, क्लॉडिओचा, जीव घ्यायला सांगते, तो हबकतो, अखेर कबूल होतो आणि निरोप घेताना 'यू'वर परततो. काम गंभीर आहे आणि वचन दिले आहे, तेव्हा सलगी बाजूला ठेवावी लागते.

'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये कर्ज मागायला आलेला अँटोनिओ शायलॉकला तुच्छतेने 'दाऊ' म्हणतो आणि शायलॉक 'यू'. कर्ज बुडाल्यावर अँटोनिओ बेड्यांत असताना शायलॉकच त्याला 'दाऊ' सुनावतो. 'ऑथेल्लो'त दासी एमिलिया सेनापतीला आधी 'यू' म्हणते. त्याने बायकोचा खून केला आणि वर तिच्या चारित्र्यावर आळ घेतला, हे कळताच ती त्याला 'दाऊ' म्हणून सैतान ठरवते. त्यानंतर तिला पदाची भीती उरत नाही.

मात्र प्रत्येक 'दाऊ'मागे नाट्य शोधू नये. देवाला, भुताला, मेलेल्याला, समोर नसलेल्या माणसाला आणि निर्जीव वस्तूला 'दाऊ' म्हणण्याची रीतच होती, त्यात ना राग ना लोभ. त्याच काळातला नाटककार मार्लो याच्या 'डॉक्टर फॉस्टस'मध्ये पंडित आणि सैतानाचा दूत एकमेकांना 'दाऊ' म्हणतात ते याच धाटणीचे. पद्यात मात्रा आणि यमक सांभाळायलाही हे रूप सोयीचे पडे. काही ठिकाणी क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ या दोन छापील प्रतींतच सर्वनामे वेगळी आहेत, तेव्हा एकाच शब्दावर फार मोठा इमला उभारणे धोक्याचे. मी स्वतः पाहतो ती बदलाची जागा. दोन पात्रे बराच वेळ एका सर्वनामावर स्थिर असतील आणि मध्येच एकाने पट्टी बदलली, तर तिथे थांबायचे.

आपल्या तू-तुम्हीशी हे सगळे जुळते असेही नाही. आपल्याकडे नाते एकदा ठरले की सर्वनाम सहसा आयुष्यभर टिकते. तिथे एका भाषणात, कधी एका वाक्यात ते दोनदा बदलते. आपण आईला 'तू' म्हणतो, हॅम्लेट म्हणत नाही. म्हणून अनुवादकाला हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' मराठीत आणला. अशा प्रत्येक लेखकापुढे ओळीओळीला हा प्रश्न उभा असतो. त्याच्याजवळ साधने मात्र इंग्रजीपेक्षा जास्त आहेत. तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या, आणि 'आईसाहेब'सारखे संबोधन लावले की राजवाड्यातल्या मुलाचे आईला 'आपण' म्हणणेही कानाला खटकत नाही.

इंग्रजीत पुढे 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेला. ज्याला-त्याला 'यू' म्हणण्याची सभ्यता इतकी पसरली की 'दाऊ' म्हणजे नुसता उद्धटपणा झाला. जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथीयांनी सतराव्या शतकात सगळ्यांना, न्यायाधीशालाही, 'दाऊ' म्हणायचा आग्रह धरला आणि त्याबद्दल मार खाल्ला. देवापुढे सगळे सारखे, ही त्यांची भूमिका होती. यॉर्कशरसारख्या भागांत बोलीभाषेत तो विसाव्या शतकापर्यंत टिकला. बाकी ठिकाणी तो उरला तो बायबलमध्ये. १६११ च्या राजमान्य भाषांतराने जुना एकवचन-अनेकवचनाचाच नियम पाळला. तिथे देव, राजा, भिकारी सगळेच एकटे असले की 'दाऊ'. शतकानुशतके फक्त प्रार्थनेत ऐकू आल्यामुळे सगळ्यात जवळिकीचा हा शब्द इंग्रजी कानाला सगळ्यात दूरचा आणि गंभीर वाटू लागला.

शेक्सपिअरचे इंग्रजी अवघड म्हणून बाजूला ठेवलेले कोणाच्या घरी असेल, तर 'लिअर'चा पहिला प्रवेश काढा. पेन्सिल घेऊन 'दाऊ', 'दी', 'दाय' जिथे येतील तिथे खूण करा, आणि कोण कोणाला म्हणतो आहे ते समासात लिहा. अर्थ लागेना अशा ओळी खुशाल सोडून द्या. प्रवेश संपेपर्यंत त्या दरबारात काय मोडले, हे तुम्हाला कळलेले असेल.