खोट्या पहाटेचा फोटो

रमजान तोंडावर आला की मेडिकलवाले, सोनार, कापड दुकानदार वेळापत्रकाची कार्डे छापून वाटतात. एका बाजूला दुकानाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला सहरी आणि इफ्तारच्या वेळा. साताऱ्याचे कार्ड सांगलीत चालत नाही. सांगली साताऱ्याच्या पूर्वेला आहे, त्यामुळे मार्चमध्ये तिथे सूर्य साधारण अडीच मिनिटे आधी मावळतो. भुकेल्या माणसाला अडीच मिनिटे किती मोठी असतात, हे रोजेदाराला विचारा.

इफ्तारची वेळ सगळ्यांना कळते. सूर्य मावळला, रोजा सुटला. सहरीचे, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाचे, तसे नाही. ती सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधीच संपते. शेजारचे काका दरवर्षी विचारतात, ‘बाहेर मिट्ट काळोख असताना तुमचा दिवस सुरू कसा होतो?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पूर्वी अंगणात उभे राहून दाखवता यायचे. आता ते दाखवायला कॅमेरा घेऊन गावाबाहेर जावे लागते.

इस्लामी परंपरेत पहाटा दोन आहेत. पहिली सुबह-ए-काजिब, म्हणजे खोटी पहाट. दुसरी सुबह-ए-सादिक, म्हणजे खरी पहाट. खोट्या पहाटेचा उजेड उभा असतो, सुळक्यासारखा वर चढलेला. जुन्या अरबी लेखकांनी त्याला लांडग्याच्या शेपटीची उपमा दिली. खऱ्या पहाटेचा उजेड आडवा असतो, क्षितिजावर डावी-उजवीकडे पसरत जाणारा. हाच उजेड पुढे रंग धरतो आणि आपल्या खेड्यातली माणसे म्हणतात, तांबडं फुटलं. हदीसमध्ये उभ्या आणि आडव्या उजेडाचा हा भेद सांगितला आहे. उभा उजेड दिसला म्हणून जेवण थांबवायचे नाही, आडवा दिसला की थांबायचे. मदिनेत तेव्हा पहाटे दोन अजान होत. हजरत बिलाल यांची अजान आधी, रात्र शिल्लक असतानाच. दुसरी देणारे इब्न उम्म मक्तूम अंध होते. लोकांनी ‘पहाट झाली’ असे सांगितल्यावरच ते अजान देत.

वर्गात सुबह-ए-काजिब हा शब्द आला की मुलांना तो कवीच्या कल्पनेतला वाटतो. उर्दू शायरीने त्याला फसव्या आशेचा अर्थ जोडला, हे खरे. पण ती पहाट प्रत्यक्ष दिसते आणि तिचा फोटोही येतो. खगोलशास्त्रात तिला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. ग्रह ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतात, त्याच पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे, धूमकेतूंची आणि लघुग्रहांची. तिच्यावर पडलेले ऊन विखुरते आणि अंधाऱ्या आकाशात राशिचक्राच्या रेषेवर पांढुरका सुळका दिसतो. युरोपात कासिनीने १६८३ मध्ये त्याचा अभ्यास सुरू केला. ‘क्वीन’ या बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानेही याच धुळीच्या गतीवर प्रबंध लिहिला. संगीतामुळे अर्धवट राहिलेले हे काम त्याने २००७ मध्ये पूर्ण करून लंडनच्या इंपीरियल कॉलेजची डॉक्टरेट घेतली. पीएचडी रखडलेल्या आमच्या सहकाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

फोटोसाठी फार महागडे काही लागत नाही. हाताने शटर आणि आयएसओ ठरवता येईल असा कॅमेरा, रुंद कोनाची लेन्स आणि न हलणारा ट्रायपॉड. २४ मिलिमीटरची लेन्स असेल तर २० सेकंदांपर्यंत शटर उघडे ठेवावे. त्यापुढे पृथ्वी फिरल्यामुळे तारे रेघोट्या होतात. छिद्र एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, फाइल रॉमध्ये. आकडे एकदा ठरले की बदलू नयेत. साडेचारपासून दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्यावा, सहा वाजेपर्यंत. मग घरी फोटो ओळीने लावले की आधी तिरका सुळका दिसतो आणि पुढे त्याच्या पायथ्याशी आडवी पट्टी उमटून सुळक्याला गिळत जाते. सहरी कुठे संपते हे शेजारच्या काकांना या ओळीवर बोट ठेवून दाखवता येते.

दिवस कोणते, हे चांद्र महिनाच सांगतो. पहिल्या अशऱ्यात, म्हणजे पहिल्या दहा दिवसांत, चंद्र पहाटेच्या बराच आधी मावळलेला असतो. तेव्हा पूर्वेकडे पाहावे. शेवटच्या अशऱ्यात तो मध्यरात्रीच्या सुमारास किंवा नंतर उगवतो, म्हणून संध्याकाळचे आकाश मोकळे मिळते. संध्याकाळी पश्चिमेलाही असाच सुळका दिसतो, आणि सध्या रमजान ज्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो त्या दिवसांत तो पहाटेच्यापेक्षा अधिक सरळ, कृत्तिकांच्या दिशेने उभा असतो. अडचण एवढीच की नेमकी तीच तरावीहच्या नमाजची वेळ!

जागेचेही असेच आहे. कास पठार संध्याकाळसाठी उत्तम, कारण पश्चिमेला बामणोलीचे खोरे आणि कोयनेचे जंगल आहे. पहाटेला मात्र तेच पठार गैरसोयीचे. पूर्वेला खाली सातारा शहर आणि महामार्ग. त्यांच्या दिव्यांची झाक नेमकी खोट्या पहाटेच्या जागी बसते. पहाटेसाठी सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग बरा, जतच्या बाजूचा कोरडा माळ. एरवी दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाची हवा आकाश पाहणाऱ्याला वरदान वाटते. सांगली-मिरजेत घराच्या गच्चीवरून मात्र ही पहाट दिसणे कठीण. शहराच्या दिव्यांनी उजळलेले आकाश त्या सुळक्याहून कितीतरी उजळ असते. ज्या उजेडावर आपल्या सहरीचा नियम समजावून दिला गेला, तो शहरातल्या एका अख्ख्या पिढीने पाहिलेलाच नाही, आणि याची चर्चा मशिदीत होत नाही, नगरपालिकेतही नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे पथदिव्यांना वरून झाकण घालून उजेड रस्त्यावर पाडला तरी बराच फरक पडेल. त्यासाठी व्याघ्र प्रकल्प लागत नाही.

एक सावधगिरी. पहाट आकाशात दिसेनाशी झाली, तशी ती अंशांत मोजली जाऊ लागली. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना पहाट, असा हिशेब आपल्या उपखंडातली बहुतेक वेळापत्रके धरतात. उत्तर अमेरिकेत १५ अंशही चालतात. आपल्या अक्षांशावर या दोहोंत बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. दोन मोहल्ल्यांची कार्डे जुळत नाहीत तेव्हा मागे अनेकदा हीच गोष्ट असते. फोटो दाखवून हा वाद मिटवू असे कोणाला वाटेल, तर ते मला पटत नाही. कॅमेरा वीस सेकंदांचा उजेड साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. म्हणून कॅमेऱ्याला पहाट आधी दिसते. उजेड उभा की आडवा, एवढ्यापुरती त्याची साक्ष घ्यावी. मिनिटांसाठी कार्डच पाहावे.

जतकडे निघणाऱ्यांनी सहरीचा डबा सोबत न्यावा, पाणी जास्त न्यावे, माळाच्या मालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवावे. बॅटरीवर लाल कागद लावावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. आणि घास घेताना मोबाइलचा पडदा पूर्वेकडे नको. शेजारच्याचे शटर उघडे असते.